कोल्हापूरहून एसटीनं परत आलेला गुण्या

आमच्या दुकानात रंध्यांच्या फळीखाली एक गुण्या, म्हणजे काटकोन बघायचं सुताराचं अवजार, टांगलेला आहे. शिसवाची मूठ, नऊ इंची पोलादी पट्टी, मुठीत तीन पितळी रिबिटी. बापूंचा, म्हणजे माझ्या वडलांचा आहे. दुकानातली पोरं आता लेझरच्या लाल रेघेवर काम करतात आणि माझ्याकडं बघून हसतात, पण दाराची चौकट बसवताना मी अजून हाच लावून बघतो. १९७८ च्या डिसेंबरात हा गुण्या बारा दिवस कोल्हापुरात राहून आला होता. मी तिथं विसरून आलो होतो.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे २०२४ च्या ८ ऑगस्टची रात्र. साडेदहा-अकराच्या सुमाराला मधूचा फोन आला. मधू आमच्या नाटकांचा प्रॉम्प्टर. चाळीस वर्षं झाली, तरी फोनवर अजून कुजबुजल्यासारखाच बोलतो. "व्हॉट्सॲप बघ," एवढंच म्हणाला. बघितलं तर कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह पेटलेलं. छपरातून ज्वाळा वर निघालेल्या आणि व्हिडिओ काढणारा माणूस मागं रडायलाय. मी सुतार आहे. वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड एकदा धरलं की कसं पेटतं ते मला कुणी सांगायला नको. व्हिडिओ पूर्ण बघितलाच नाही. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. असा योग कुणी नाटकात लिहिला असता तर आमच्या आप्पांनी "जमवून आणल्यासारखं वाटतंय" म्हणून खोडून टाकला असता.

आप्पा म्हणजे आमचे दिग्दर्शक. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांची आडत होती. दिवसा तुरीचा भाव बोलायचे आणि दुकान बंद झालं की नाटक. लातूर तेव्हा जिल्हा नव्हतं, उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होतं. जिल्हा झालं १९८२ ला. नाट्यगृह वगैरे काही नव्हतं. गंजगोलाई होती, तिला फुटणारे सोळा रस्ते होते, मधोमध जगदंबा होती आणि त्या सोळा रस्त्यांवर जे मागाल ते मिळायचं. नाटक करायला जागा मात्र मिळायची नाही. शिवरात्रीला सिद्धेश्वराच्या जत्रेत तमाशाचे तंबू लागायचे, गणपतीत मेळे व्हायचे. आमच्यासारख्या हौशी लोकांनी शाळेचा व्हरांडा, नाहीतर मोंढ्यातलं रिकामं शेड धरायचं.

मोंढ्यातला रंगमंच कसा करायचे ते सांगतो, कारण आता तो कुणी करणार नाही. आप्पांच्या आडतीतली तुरीची पोती दोन थर आडवी लावायची. थप्पी घट्ट बसली पाहिजे, म्हणून हमाल वरून नाचल्यासारखे चालायचे. त्यावर आमच्या दुकानातले तक्ते. तक्त्यांवर सतरंजी. झाला रंगमंच. चालताना पाय जरासा खाली जायचा, त्यामुळं आमच्या सगळ्या नटांची चाल एकसारखी दिसायची, राजा असो की कारकून. एकदा एका पोत्याची शिवण उसवली आणि दुसऱ्या अंकात सतरंजीच्या कडेनं तूर बाहेर यायला लागली. मरणाच्या प्रवेशात नायिका धावत आली ती सरळ प्रेक्षकांत. लागलं नाही काही, पण लोक पुढं वर्षभर तिला "तूरडाळ" म्हणायचे. तिनं नंतर काम केलं नाही. मला वाईट वाटलं, कारण तक्ते मी लावले होते.

माझं काम नेपथ्याचं. अभिनय मला येत नाही, तोंडावर उजेड पडला की घाम फुटतो. पण फ्लॅट, म्हणजे नाटकातल्या कापडी भिंती, कराव्यात त्या मीच. देवदारी खोक्यांच्या पट्ट्या घ्यायच्या, फळवाल्यांकडं स्वस्तात मिळायच्या. दोन इंच बाय एक इंच अशा तासायच्या, तीन फूट बाय आठ फुटांची चौकट जोडायची, कोपऱ्याला प्लायचे त्रिकोण. त्यावर मांजरपाट ताणून चुका, म्हणजे बारीक खिळे, मारायच्या. मग सरस शिजवायचा. वास असा की आई स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. सरसात खडूची भुकटी कालवून कुंच्यानं कापडावर फिरवलं की ओलं असताना कापड लोंबतं, तुम्हाला वाटतं फसलं सगळं. रात्रभर उभं ठेवा. सकाळी डफासारखं ताणलेलं असतं, टिचकी मारली तर वाजतं. हे मला बापूंनी शिकवलं नाही, ते पलंग-कपाटवाले. एका तमाशाच्या फडातल्या रंगाऱ्यानं शिकवलं, दोन बिड्यांच्या बदल्यात.

फ्लॅट कितीही चांगला करा, तो उभा करायचा कशावर? मागून तिरपी पट्टी लावायची, तिला आम्ही टेका म्हणायचो. टेक्याचा पाय जमिनीला खिळला पाहिजे. तुरीच्या पोत्याला खिळा मारून दाखवा. शहाबादी फरशीला मारून दाखवा. आम्ही पायावर दगड ठेवायचो, वजनाची मापं ठेवायचो, एकदा तर हमालाच्या पोराला अंकभर बसवून ठेवलं होतं, ते झोपलं. परिणाम एकच. नट दार आपटून गेला की घराची सगळी भिंत थरथरायची. आमच्या त्या वेळच्या नाटकात बाप पोराला घरातून हाकलतो आणि दार आपटतो, असा मुख्य प्रसंग होता. लातुरात झालेल्या तिन्ही प्रयोगांत दार आपटलं की भिंत हलली आणि लोक हसले. आप्पा मला काही बोलले नाहीत. हिशेब चुकला की मुनीमाकडं बघायचे, तसं बघितलं फक्त.

त्याच नाटकाचा प्रयोग एका स्पर्धेत कोल्हापूरला करायचं ठरलं.

गेलो बार्शी लाइटनं. अडीच फुटी रूळ. ही गाडी १८९७ ला कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, लातूरला आली १९११ मध्ये, आणि मिरजेला पोचली १९२७ ला. म्हणजे लातूर ते मिरज एकाच छोट्या रुळावर. हे फार महत्त्वाचं आहे आणि लोकांच्या लक्षात येत नाही. पूर्वी संगीत नाटक कंपन्या आमच्याकडं फारशा का आल्या नाहीत, याचं उत्तर लोक लगेच "निजाम" असं देतात. ते आहेच. दरबारी भाषा उर्दू, शाळा उर्दूत, चार माणसं जमवायची तर परवानगी. त्या हुकमाचे 'गश्ती निशाण ५३' हे शब्द बापूंच्या तोंडून मी शिवीसारखे ऐकलेत. पण मला विचाराल तर रुळांचाही दोष होता. कंपनीकडं पडदे, पेट्या, महाल, सिंहासन असा डबाभर माल. मुंबईहून औरंगाबाद-जालन्याकडं यायचं तर मनमाडला मोठ्या रुळावरून मीटरच्या रुळावर सगळं उतरवून चढवा. लातूरला यायचं तर कुर्डुवाडीला तेच. ज्यानं कधी रंगवलेला पडदा हमालाच्या खांद्यावरून फाटताना बघितलाय, त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. सांगली-कोल्हापूर-पुणे-हुबळी ही माणसं आपापसात फिरत राहिली. आम्ही भारुड, गोंधळ आणि तमाशावर राहिलो. तेही काही कमी नव्हतं म्हणा. नाथांचं भारुड हे नाटकच आहे, नेपथ्य नसलेलं.

तर आम्ही अकरा जण आणि चौदा फ्लॅट. चौकटी सुट्या केलेल्या, प्रत्येक सांध्यावर पेन्सिलीनं उ-१, उ-२, डा-१ असं लिहिलेलं. दाराची चौकट मात्र अखंड. गार्ड म्हणाला, "हे काय, घर हलवायलाव का?" मधू म्हणाला, "हो." येडशीचा घाट, मग बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर. पंढरपूरला ब्रेकव्हॅनमध्ये भोपळे चढले, पोत्यात गवत घालून बांधलेले. आप्पांनी सांगितलं की हे मिरजेला तंबोरे करणाऱ्यांकडं चाललेत. मी रात्रभर त्या भोपळ्यांशेजारी बसलो होतो, माझ्या फ्लॅटवर कुणी काही ठेवू नये म्हणून. मिरजेला उतरल्यावर आप्पांनी आणखी एक सांगितलं. बालगंधर्व लहान असताना कानानं अधू झाले होते, त्यांच्यावर शाहू महाराजांनी इथं मिरजेच्या दवाखान्यात उपचार करवले आणि पुढं ते किर्लोस्कर कंपनीत गेले. आप्पा हे असं सांगायचे की जणू त्यांच्याच आडतीवर घडलंय.

कोल्हापुरात टांग्यातून पहिल्यांदा खासबाग दिसलं, कुस्तीचं मैदान, आणि त्याला लागूनच थिएटर. मला वाटलं टांगेवाल्यानं चुकून तालमीत आणलं. पण ते तसंच आहे, पाठीला पाठ लावून. शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले होते, रोममधलं ते जुनं गोल मैदान त्यांनी बघितलं आणि परत येऊन कुस्तीसाठी खासबाग बांधलं, ते १९१२ ला पुरं झालं. त्याला लागून नाटकाचं थिएटर. १९१३ ला काम सुरू, १९१५ ला तयार. नाव पॅलेस थिएटर. दोनच वर्षांत. आजकाल आमच्याकडं सार्वजनिक मुतारीला याहून जास्त वेळ लागतो. हाच राजा, युरोपात असतानाच २६ जुलै १९०२ ला त्याचा निम्म्या जागा मागासांना राखून ठेवणारा हुकूम निघाला. म्हणजे एका वर्षात डोक्यात काय काय चाललं असेल बघा: नोकऱ्या, कुस्ती, नाटक. आमच्याकडं त्याच काळात, १९११ ला, निजाम उस्मान अली गादीवर आला. जगातल्या सगळ्यात श्रीमंत माणसांत त्याची गणती व्हायची. आमच्या वाट्याला त्यातून नाटकाची एक फळीसुद्धा आली नाही. मी काही इतिहासकार नाही, पण फळ्या मोजणं माझा धंदा आहे.

आत गेलो. सवयीनं आधी वर बघितलं, मग खाली. वर उंची. आमच्या शेडमध्ये पडदा गुंडाळून वर घ्यावा लागायचा, इथं पडदा सरळ वर जाऊ शकत होता आणि तरी वर जागा उरत होती. समोर खांब नाही. कुठंही बसा, मधे काही येत नाही. मधू मागच्या शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसला आणि म्हणाला, काहीतरी बोल. मी रंगमंचावरून त्याच्यासारखंच कुजबुजलो, "मध्या, भजी आण." त्यानं तिथून ओरडून विचारलं, "किती?"

खाली बघितलं तर लाकूड. फळ्या. पॉलिश नाही, रंग नाही, चालून चालून गुळगुळीत झालेल्या आणि भोकांनी भरलेल्या. हजारो भोकं. काही बारीक चुकांची, काही बोट जाईल एवढी, काहींत लाकडाची खुंटी मारून बुजवलेली, काही पुन्हा त्या खुंटीवरच पाडलेली. मी उकिडवा बसून बघत होतो तेव्हा तिथला एक म्हातारा माणूस आला. थिएटरचाच होता, खाकी चड्डी, कमरेला किल्ल्या. मी विचारलं, "काका, खिळा मारू का इथं?" आमच्याकडं शाळेत विचारलं असतं तर हेडमास्तरांनी पट्टी काढली असती.

"मार की गा. त्याच्यासाठीच तर लाकूड हाय."

मग मागं उभं राहून त्यानं मला टेका कसा मारायचा ते दाखवलं. खिळा सरळ नाही, तिरका, नटाच्या बाजूनं नाही तर पाठीमागून, आणि अर्धाच, म्हणजे काढायला डोकं वर राहतं. "सकाळी दुसरं नाटक येतंय, त्येंला तुजं खिळं नगं." मी गुण्या लावून दाराची चौकट बघत होतो तर त्यानं तो माझ्या हातातून घेतला, पट्टीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, कुणाचा? वडलांचा, म्हटलं. "माणूस चांगला असणार," म्हणाला. त्यानं बापूंना कधी बघितलं नव्हतं. गुण्यावरूनच म्हणाला.

दुपारी चहाला बसलो तेव्हा केशवरावांचं सगळं त्याच्याकडून ऐकलं. केशवराव ९ ऑगस्ट १८९० चा जन्म, कोल्हापूरचेच. पोरवयात नाटक कंपनीत गेले. 'शारदे'त शारदा करायचे आणि 'मूर्तिमंत भीति उभी' गायचे. १९०८ च्या १ जानेवारीला हुबळीत स्वतःची 'ललितकलादर्श' काढली, वय अठराही नाही. १९२१ च्या ८ जुलैला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग झाला. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव. दोन कंपन्यांचे दोन मोठे गडी एका रंगमंचावर. त्या काळातल्या नाटकवेड्यांना विचारलं असतं, तर त्यांनी आयुष्याचे दोन भाग केले असते, त्या रात्रीआधीचा आणि नंतरचा. आणि तीन महिने होत नाहीत तोवर, ४ ऑक्टोबरला, केशवराव विषमज्वरानं गेले. एकतीस वर्षांचे. म्हाताऱ्यानं हे सांगताना तारखा अशा सांगितल्या, जशा घरच्या श्राद्धाच्या सांगतात. पॅलेस थिएटरला त्यांचं नाव नंतर दिलं गेलं. राजानं बांधलेल्या वास्तूला नटाचं नाव, हे मला त्या वेळी फार विचित्र वाटलं होतं. आमच्या भागात उलटं चालायचं, सगळ्या उस्मानाबाद जिल्ह्याला राजाचं नाव.

रात्री प्रयोग. मी उजव्या विंगेत, हातात हातोडी. बापानं पोराला हाकललं. दार आपटलं.

भिंत हलली नाही.

आवाज असा झाला, जसा खऱ्या घरात होतो. प्रेक्षकांत कुणी हसलं नाही. उलट एक क्षण सगळे गप्प, आणि मग पोराचं काम करणारा आमचा बँकेतला कारकून दाराकडं पाठ करून नुसता उभा राहिला. संहितेत तिथं त्याचं वाक्य होतं, ते तो बोललाच नाही. मधूनं दोनदा सुचवलं, तरी नाही. नंतर म्हणाला, दार खरंच बंद झाल्यासारखं वाटलं, काय बोलू? आप्पा विंगेत आले आणि पुन्हा तसंच मुनीमाकडं बघितल्यासारखं बघितलं, पण या वेळी हिशेब जुळला होता.

बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांना नाटक जुन्या वळणाचं वाटलं, आणि खरं तर होतंच. पहाटे सामान बांधायची घाई, त्यात गुण्या राहिला. लक्षात आलं कुर्डुवाडीला. मला बापूंना सांगायची हिंमत झाली नाही. घरी आल्यावर पोस्टकार्ड टाकलं: "व्यवस्थापक, केशवराव भोसले नाट्यगृह, कोल्हापूर. माझा गुण्या रंगमंचाच्या उजव्या बाजूस राहिला आहे." वर "कृपया" चार वेळा लिहिलं.

बाराव्या दिवशी एसटी स्टँडवरून एक पोरगं दुकानात आलं, कंडक्टरनं बोलावलंय म्हणून. वर्तमानपत्रात गुंडाळलेला गुण्या, वरून कुठल्याशा नाटकाच्या हँडबिलाचा कागद, सुतळीनं बांधलेला. कंडक्टर म्हणाला, कोल्हापूरच्या ड्रायव्हरनं सोलापूरला माझ्याकडं दिला, तिथपर्यंत कसा आला मला माहीत नाही. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. चिठ्ठी वगैरे काही नव्हती. पण पट्टीला तेल लावलेलं होतं. बापूंना शेवटी कळलंच. त्यांनी गुण्या तपासला, चौकटीला लावला, आणि म्हणाले, नाटकवाले बरे असतात की. त्यानंतर सरसाच्या वासावरून घरात भांडण झालं नाही.

पुढं मराठवाड्यात बरंच झालं. औरंगाबादच्या विद्यापीठातल्या नाट्यशास्त्र विभागातली पोरं मुंबईत नाव काढून बसली. नांदेडहून दत्ता भगतांनी लिहिलेली नाटकं सगळ्या महाराष्ट्रानं बघितली. जालन्यात नाट्यगृहाला मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांचं नाव मिळालं, ते बघून आप्पा असते तर खूश झाले असते. लातुरातही सभागृहं झाली. किल्लारीच्या भूकंपानंतर काही दिवस लोक पक्क्या छताखाली बसायला तयार नव्हते, तेव्हा आम्ही पुन्हा मांडवात नाटक केलं, आणि खरं सांगतो, पुन्हा पोती रचताना बरं वाटलं.

पण नवीन सभागृहांत एक गोष्ट बघतो आणि डोकं फिरतं. मागं आमच्याच भागातल्या एका गावी पोरांच्या एकांकिकेचा सेट लावायला गेलो. खुर्च्या मऊ, एसी गार, बाहेर कारंजं. आणि रंगमंचावर चकचकीत टाइल. टेका कशाला ठोकू? तिथला माणूस म्हणाला, काका, ओरखडा उठला तर डिपॉझिट कापू. शेवटी वाळूची पोती मागवली आणि पायावर ठेवली. दार आपटलं, भिंत हलली, लोक हसले. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी परत मोंढ्यात आलो. पोरांना काही वाटलं नाही, त्यांना वाटतं नाटकातली भिंत हलतेच.

कोल्हापूरच्या आगीत रंगमंच गेला, छप्पर गेलं, खुर्च्या गेल्या. पुढची दगडी बाजू उभी आहे, फोटोत दिसते. होतं तसं पुन्हा बांधू, अशी घोषणा तेव्हा झाली. कोल्हापूरचे लोक मागं लागतील आणि करून घेतील, तेवढा माझा त्यांच्यावर विश्वास आहे. गुण्या परत पाठवणारी माणसं आहेत.

जे कुणी बांधणार असतील त्यांच्यासाठी, एका सुताराच्या नात्यानं: दगड, कमानी, दिवे तुम्ही बघालच. रंगमंच लाकडाचा करा. चांगलं वाळलेलं सागवान घ्या, फळ्या आडव्या टाका, खाली हवा खेळू द्या. वर पॉलिश मारू नका, व्हिनाइल तर अजिबात नको. उद्घाटनाच्या दिवशी तो कोरा दिसेल, दिसू द्या. आणि लातूरहून, परभणीहून कुणी पोरगं हातोडी घेऊन आलं तर त्याला नाही म्हणू नका.

फळ्यांचा काटकोन बघायला गुण्या लागला तर सांगा. एसटीनं पाठवतो.